काळ्या मातीतला मरवा

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईला राहते. वावरातली काळी माती आणून गच्चीवरच्या कुंडीत मरवा लावला. रोज सकाळी न चुकता पाणी घालते, तरी पानं पिवळी पडून गळायलीत आणि बुडाशी काड्या काळ्या पडल्यात. खत कमी पडतंय का?

उत्तर : खताचं नावसुद्धा काढू नका. तुमचा मरवा उपाशी नाही, बुडालाय. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून तर आपल्या कापसाला आणि तुरीला मानवते. कुंडीत तोच गुण मरव्याच्या मुळावर येतो. भिजली की फुगून चिकट होते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. मरवा मूळचा सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानाकडचा. त्याला निचरा लागतो. चुनखडीचं मात्र वावडं नाही.

बुडाशी काळी पडलेली काडी काही परत हिरवी होत नाही. वरचे हिरवे शेंडे बोटभर लांबीचे कापा, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत सावलीला खोचा. पावसाची उघडीप झालीय, मुळ्या धरायला हवा चांगली आहे. तीन-चार आठवडे उपटून बघायचा मोह आवरा.

नव्या कुंडीत एक भाग काळी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि दोन भाग जाड वाळू. वाळूचे भाव ऐकले की मी सरळ चाळलेला मुरूम घालते, काही बिघडत नाही. कुंडी मातीचीच घ्या, भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. पाणी घालण्याआधी बोट पेरभर खुपसायचं. कोरडं लागलं तरच घालायचं, पण मग खालून निघेपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून द्या.

थंडीत दिवसभर ऊन चालतं. एप्रिल-मेमध्ये पारा 42 वर गेला की गच्ची नको. पूर्वेच्या ओट्यावर सकाळचं ऊन पुरे. युरियाची चिमूट टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. पानं वाढतील, वास पातळ होईल.

गाठीसारख्या हिरव्या कळ्या दिसल्या की शेंडे खुडून अबोलीच्या गजऱ्यात घाला, झाड खालून फुटतं. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखं झालं की त्याला छाटत बसू नका, पुन्हा काड्या लावा.