संत्र्याची सालं आणि मुठेल

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजी संत्र्याची सालं फेकत का नाही? गच्चीत पाय ठेवायला जागा नाही. आणि ती तोंडाला लावून खरंच काही होतं, की ही आपली नुसती पद्धत?" माझी तेव्हा ऑफिसला निघायची घाई होती आणि तुला झोप आली होती, म्हणून आता लिहिते. टोरांटोत बसून सदाशिव पेठेतल्या गच्चीबद्दल लिहायला जरा मजाच वाटते आहे. अडलं तर आजीला विचार. फक्त लिंबाचा भाग तिला वाचून दाखवू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे, ती सालं तोंडासाठी आणलेली नाहीत. थंडीत नागपूरची संत्री मंडईत आली की आजी डझनाने आणते, ती खायला. सालं उरतात. साय लोण्यासाठी साठवलेली असते, त्यातली चमचाभर. मसुराची डाळ आमटीची. आमच्या लहानपणी तोंडासाठी म्हणून वेगळं काही विकत आणलेलं मला आठवत नाही, पावडरचा एक डबा सोडून. तोही पाहुणे यायचे तेव्हाच उघडायचा.

आता तिची पद्धत नीट बघून ठेव. सालं सावलीत वाळवते, उन्हात नाही. वास उडतो म्हणते. मोडल्यावर कट् असा आवाज आला की ती तयार. मग मिक्सर, मग चाळणी, आणि शेवटी जुन्या मलमलच्या पंच्यातून वस्त्रगाळ. हे वस्त्रगाळ करणं कंटाळवाणं आहे, पण तेच महत्त्वाचं. भरड राहिलं तर चेहऱ्यावर बारीक ओरखडे उठतात. चमचाभर मसुराचं पीठ, अर्धा चमचा सालांचं, आणि सायीत कालवायचं. पूर्ण वाळायच्या आत ओल्या हाताने हलकेच चोळून काढायचं.

होतं काय? पीठ मळ आणि जास्तीचं तेल ओढून घेतं, वरची मेलेली कातडी निघते, आणि सायीतला स्निग्धपणा मागे राहतो. साबण तोही धुऊन नेतो. डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी असते, पहाटे अंग फुटतं, तेव्हा हा फरक कळतो. यापेक्षा मोठा चमत्कार त्यात नाही, आणि आजीनेही कधी तसा दावा केलेला नाही. हो, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ. खाज आली तर आजी कितीही रागावली तरी लावायचं नाही.

हेच मिश्रण ती मे महिन्यात मात्र लावू देणार नाही. तेव्हा साय चिकचिकते. उन्हाळ्यात सहाणेवर उगाळलेलं चंदन घामोळ्यांवर, नाहीतर काकडीचा कीस. पावसाळ्यात फारसं काहीच नाही. कपडे वाळत नाहीत तिथे अंग कुठे वाळणार, म्हणून कोरडं राहा, एवढंच. आणि पाऊस सरून थंडी लागायच्या बेताला दिवाळी येते. मग नरकचतुर्दशीला आधी कोमट तेल आणि मग उटणं. त्यातला नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा हे मात्र घरचं नसतं, काष्ठौषधीच्या दुकानातून आणावं लागतं.

आता लिंबू. मी नववीत होते, स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलं होतं, आणि वाड्यातल्या एका काकूंनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हिला जरा लिंबू लावत जा, उजळेल." मी गुपचूप अर्धं लिंबू गालांवर चोळलं आणि दुपारभर गच्चीत पापड राखत बसले. दोन दिवसांनी गालावर तपकिरी चट्टे! ते जायला कित्येक आठवडे लागले. आजीला मी सांगितलं की ऊन लागलं. ते अर्धं खरंच होतं. लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की कातडीवर ऊन पडलं की ती भाजते. शिवाय तू शाळेत पीएच शिकलीस ना? कातडीचा साधारण पाच, लिंबाचा दोनच्या आसपास. म्हणजे हजारपट आंबट. स्वयंपाकघरातलं आहे म्हणून निरुपद्रवी, असं नसतं.

आणि त्या "उजळेल"चा मला अजून राग येतो. डाळीच्या पिठाने चेहरा स्वच्छ होतो, गोरा होत नाही. तुला कोणी असं काही म्हटलं तर हसून सोडून दे, आणि मला फोन कर.

हळदीचं विचारलंस तर आजी तुला शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांची गोष्ट सांगेलच, अगदी अभिमानाने, कारण ते आधी आपल्या पाषाणच्या एनसीएल या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. त्याच वर्षी माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. सीएसआयआरने संस्कृत ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. मात्र त्यातून सिद्ध काय झालं? हा उपयोग नवा नाही, एवढंच. हळद किती गुणकारी, हा वेगळा प्रश्न. आजीशी यावर वाद घालायचा असेल तर जेवण झाल्यावर घाल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आठवतं ते मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल. ते थंडीत दगडासारखं घट्ट असतं, मुठीत दाबून वळलेला गोळा, बोटांचे ठसे तसेच उमटलेले. आजीच्या माहेराहून, रत्नागिरीहून यायचं. रात्री ती पळीत एक तुकडा घालून गॅसवर धरायची, वितळला की बोटाने माझ्या टाचांच्या भेगांत भरायची. चटका बसायचा, मी पाय ओढायचे, ती घोटा धरून ठेवायची. वितळायला चाळीसेक अंश लागतात, म्हणून पायावर ते लगेच थिजतं आणि भेगेवर झाकणासारखं बसतं. आतली ओल बाहेर जात नाही. वर मोजे, आणि सकाळपर्यंत अंथरुणातून उतरायचं नाही. इथे हीटरने माझ्या टाचा अशा फुटल्या आहेत की कालच दुकानातल्या क्रीमची अर्धी ट्यूब संपली.

तेव्हा येताना एक गोळा आण. सालांचं पीठ नको. विमानतळावर पिवळ्या पुडीचा अर्थ कोण समजावत बसणार? मुठेल दोन पिशव्यांत घाल, वर रबर लाव, आणि तुझ्या नव्या पुस्तकांजवळ ठेवू नकोस. आजीच्या टाचाही बघ जरा. स्वतःला लावायचा तिला आळस आहे. पळी तू धर.

तुझी,
आई