बॅज नसलेल्या माणसाला किती किरणोत्सर्ग झाला, हे कसे कळते?

प्रश्न : आमच्या शेजारचे काका अणुकेंद्रातून निवृत्त झाले आहेत. कामावर असताना त्यांच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बॅज असे. अणुअपघात झाला, तर ज्यांच्याजवळ असा बॅज नाही, त्यांना किती मात्रा मिळाली हे रक्त तपासून कळते, असे ते म्हणतात. हे खरे आहे का? माझ्या वडिलांचे वर्षभरात पोटाचे तीन सीटी स्कॅन झाले. त्यांची अशी तपासणी करून घ्यावी का? – एक वाचक, चेंबूर, मुंबई

उत्तर : काकांचे म्हणणे खरे आहे. किरणांमुळे पेशींतील गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेली टोके सांधली जाताना कधी कधी दोन वेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. प्रत्येक गुणसूत्रावर कमरेसारखा आवळलेला एक भाग असतो; या चुकीच्या जोडणीत असे दोन भाग एकाच गुणसूत्रावर येतात. या द्विकेंद्री गुणसूत्रांमागे किरणोत्सर्गाखेरीज दुसरी कारणे फार थोडी असतात आणि एरवी हजार पेशींत ती जेमतेम एखाद-दोन सापडतात, म्हणून ही खूण भरवशाची मानली जाते.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत घेतलेल्या रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी प्रयोगशाळेत साधारण ४८ तास वाढवतात, त्यांचे विभाजन मध्यावर थांबवतात आणि गिम्सा रंग दिलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेका पेशीतील ४६ गुणसूत्रे निरखतात. गॅमा किरणांची १ ग्रे (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रा एकदम मिळाली असेल, तर शंभर पेशींत द्विकेंद्री गुणसूत्रे साधारण आठ-दहा दिसतात. ५०० ते १००० पेशी पाहिल्या तर ०.१ ग्रेइतकी कमी मात्राही ओळखता येते. पण अपघातानंतर शेकडो नमुने एकदम आले, तर प्रत्येकी ५० पेशी पाहून कोणावर आधी उपचार करायचे ते ठरवतात, आणि अशा वेळी नेमक्या आकड्यापेक्षा ही निवड लवकर होणे अधिक मोलाचे असते. बहुतेक पेशी निर्दोष आणि थोड्याच पेशींत अनेक द्विकेंद्री गुणसूत्रे, असे दिसले तर शरीराच्या एकाच भागावर मारा झाला असावा, हेही समजते. बॅज मात्र तो जिथे लावला तिथलेच सांगतो.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली एका ओस पडलेल्या दवाखान्यातील उपचारयंत्र भंगारात गेले आणि त्यातील निळसर चमकणारी किरणोत्सारी सीझियम-१३७ ची पूड लोकांनी अंगाला चोळली. चौघांचा मृत्यू झाला. त्या लोकांपैकी कोणाजवळही बॅज नव्हता, त्यामुळे मात्रेचा अंदाज गुणसूत्रांवरून घ्यावा लागला. पोटात गेलेले सीझियम किती, हे समजण्यासाठी लघवीही तपासली गेली. जपानमध्ये तोकाइमुरा येथे १९९९ साली झालेल्या अपघातात न्यूट्रॉनच्या माऱ्याने कामगारांच्या रक्तातील सोडियमच किरणोत्सारी झाले होते, आणि तेच मोजून मात्रेचा अंदाज बांधता आला.

रक्तातील ही खूण कायम टिकत नाही. लिम्फोसाइट पेशी मरून नव्या येत जातात, त्यामुळे काही वर्षांत द्विकेंद्री गुणसूत्रे बरीच कमी होतात. फार उशीर झाला असेल, तर एरव्ही कचऱ्यात जाणारा, उपचारासाठी काढलेला दातही उपयोगी पडतो. दातावरचे एनॅमल एकदा तयार झाले की पुन्हा नव्याने घडत नाही, आणि किरणांनी त्यात निर्माण केलेले मुक्त मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले अणू-रेणू) कित्येक दशके मोजता येतात.

आता तुमच्या वडिलांविषयी. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये अवयवांना साधारण १० ते २० मिलिग्रे (मिलिग्रे म्हणजे ग्रेचा हजारावा भाग) मात्रा मिळते, म्हणजे तीन स्कॅन मिळूनही ती ०.१ ग्रेच्या खालीच राहते. ती या तपासणीत दिसणार नाही, तेव्हा त्यासाठी रक्त देऊ नका. तिन्ही स्कॅनचे अहवाल आणि सीडी मात्र एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढचा स्कॅन सुचवला जाईल तेव्हा ती फाइल आधी डॉक्टरांपुढे ठेवा.