जेल मेणबत्तीतले बुडबुडे

प्रश्न : दिवाळीसाठी काचेच्या ग्लासात जेल मेणबत्त्या केल्या, पण आत बारीक बुडबुडे अडकून राहिले. ते कसे टाळावेत?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : जेल म्हणजे खनिज तेल आणि पॉलिमर यांचे मिश्रण असल्यामुळे ते पुरेसे तापले नाही तर मधासारखे दाट राहते आणि हवेला वर येऊ देत नाही, म्हणून मंद आचेवर, थर्मामीटर लावून, ते सुमारे ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि जोरात ढवळू नये. खानदेशात दिवाळीच्या सुमारास रात्री गारवा उतरतो. गार ग्लासात ओतलेले जेल काचेला लागताच थिजते व हवा कोंडते. ग्लास कोरडा, कोमट करून, किंचित तिरपा धरून कडेने संथ ओतावे. वात आणि सजावटीसाठी आत घालायचे शिंपले आधी वितळलेल्या जेलमध्ये बुडवून काढावेत, कारण त्यांच्यातलीच हवा पुढे त्रास देते. तापते जेल सोडून मात्र स्वयंपाकघराबाहेर जाऊ नये.