कन्सोलला दिवे लावताना : वाचकांचे प्रश्न

चतुर्थी संपली की मखराच्या उरलेल्या एलईडी पट्ट्या घरात कुठे ना कुठे चिकटायला लागतात. यंदा बऱ्याच जणांची नजर गेम कन्सोलवर गेलेली दिसते.

प्रश्न : माझ्याकडे जुना, मोठ्या आकाराचा प्लेस्टेशन ४ आहे. मखराची १२ व्होल्टची पट्टी मीटरभर उरली. मित्र म्हणतो, वेगळा अडॅप्टर कशाला, आतल्या पॉवर सप्लायमधूनच वायर काढ. काढू का? (म्हापसा)

उत्तर : पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. घरातली २३० व्होल्टची वीज त्या डब्यात शिरली की आधी तिची डीसी होते आणि एका मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. पिन काढली तरी ते लगेच उतरतातच असं नाही. शिकाऊ असताना मी असाच एक सप्लाय, पिन काढली आहे म्हणून निर्धास्तपणे उघडला होता. स्क्रूड्रायव्हर चुकून सोल्डरच्या दोन ठिपक्यांना लागला. मोठा आवाज झाला, टोक जळालं आणि हात खांद्यापर्यंत झणझणला. ती भीती माझ्या मनातून अजून गेलेली नाही, आणि ती जाऊही नये असं मला वाटतं.

त्याहून मोठा धोका पुढे आहे. याच डब्यात एका बाजूला घरातली वीज आणि दुसऱ्या बाजूला निरुपद्रवी १२ व्होल्ट. मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि काही मिलिमीटरची मोकळी जागा. तुमच्या नव्या वायरचा एखादा तंतू त्या जागेत आडवा पडला, तर घरातली वीज पट्टीवर, टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय वायरच्या धातूवर आणि चार्जिंगला लावलेल्या कंट्रोलरच्या वायरीवर येऊ शकते. तो कंट्रोलर मुलाच्या हातात असतो.

आता १२ व्होल्टच्या बाजूचा हिशोब. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी साधारण १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर घेते. तुमच्या कन्सोलची कमाल वीज २५० वॅट धरतात. तिला १२ ने भागलं की वीसच्या आसपास अँपिअर येतात. म्हणजे पट्टीची बारीक वायर कुठे शॉर्ट झाली, तर सप्लायला वाटेल की गेमच चालू आहे. तो बंद पडण्याआधी वायर तापून वितळेल. म्हणून फ्यूज हवाच, आणि तो पट्टीच्या टोकाला नव्हे, वीज जिथून घेता तिथेच. आतूनच घ्यायचा हट्ट असेल, तर माहीतगार मेकॅनिककडून डब्याबाहेर, मदरबोर्डकडच्या १२ व्होल्टवरून जोड करून घ्या आणि मीटरभर पट्टीला २ अँपिअरचा फ्यूज घाला. वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त करंट पेलणारी असावी.

पण तुमच्या जागी मी असतो, तर ५ व्होल्टची यूएसबी पट्टी आणली असती. पुढच्या यूएसबी ३.० पोर्टला ९०० मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे. पाकिटावरच्या वॅटला ५ ने भागा. दोन वॅटची पट्टी ४०० मिलिअँपिअर घेईल, काही हरकत नाही. मखराची पट्टी पुढच्या चतुर्थीला ठेवा.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. पांढरा एलईडी १२ व्होल्टला थेट जोडला. क्षणभर लख्ख पेटला आणि गेला. एलईडी खराब होता का? (मडगाव)

उत्तर : एलईडी चांगला होता रे. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. उरलेले ९ व्होल्ट झेलायला तू काहीच ठेवलं नाहीस. ते काम रेझिस्टरचं. १० मिलिअँपिअर हवे असतील तर ९ भागिले ०.०१, म्हणजे ९०० ओहम. दुकानात १ किलो-ओहमचा माग. पाव वॅटचा पुरे. तीन एलईडी एकामागोमाग जोडलेस तर ३ व्होल्टच उरतात, मग ३३० ओहम. तयार पट्टी तीन-तीन दिव्यांच्या खुणेवरच का कापायची, हेही त्यातून कळेल. प्रयोग मात्र कन्सोलवर नको. ९ व्होल्टची बॅटरी आणि ६८० ओहम घेऊन बस, हवे तितके एलईडी जाळ.

प्रश्न : पीएस ४ रेस्ट मोडमध्ये ठेवल्यावरही यूएसबी पट्टी रात्रभर जळते. (फोंडा)

उत्तर : सेटिंग्जमध्ये ‘पॉवर सेव्ह’खाली रेस्ट मोडमधल्या सोयींची यादी आहे. तिथे ‘सप्लाय पॉवर टू यूएसबी पोर्ट्स’ बंद करा.

प्रश्न : पीएस ४ला पट्टी कापून लावल्यापासून तिच्या टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात. (डिचोली)

उत्तर : पीएस ४ची वायर दोन पिनांची, अर्थिंगशिवायची आहे. सप्लायमधला विजेचा गोंगाट (आवाज नव्हे, नको असलेल्या लहरी) रोखणाऱ्या एका छोट्या कॅपॅसिटरमधून अगदी सूक्ष्म करंट १२ आणि ५ व्होल्टच्या बाजूला येत असतो. एरवी ती बाजू प्लॅस्टिकच्या आत असते. तुम्ही कापलेल्या पट्टीचं तांबं उघडं राहिल्याने ती बोटाला लागते. टोकावर हीट श्रिंक (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा. पट्टी काढून एचडीएमआयच्या धातूला पाठीमागून बोट लावा : तशाच हलक्या झिणझिण्या आल्या तर त्या आधीपासूनच होत्या. पण सप्लायचा डबा कुणी उघडला असेल, किंवा झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल, तर हे बोट लावणं नको. भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा आणि कन्सोल पुन्हा लावू नका.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, आहे का, तेही पाहा. चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंग कमजोर पडतं, तेव्हा तोच आधार असतो.

प्रश्न : घर समुद्राजवळ आहे. सोल्डर केलेल्या जागी दोन महिन्यांत हिरवा थर आला. (कळंगुट)

उत्तर : खारी, दमट हवा आणि सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ), दोन्ही मिळून तांबं खातात. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने जागा घासा, नीट वाळू द्या, लागलं तर पुन्हा सोल्डर करा, मग सिलिकॉनने बंद करा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर असलेलंच मागा. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते वापरू नका. त्यातलं आम्ल तांब्यावर पुन्हा तोच हिरवा थर आणतं.