नवरा समुपदेशनाला तयार आहे, मग अर्ज मागे घेऊ का?

डिचोली तालुक्यातील एका भगिनीचा प्रश्न: नवऱ्याचा खाणीवर ट्रक होता. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, दारू वाढली, मारहाणही वाढली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केल्यावर अंतरिम संरक्षण आदेश, म्हणजे नवऱ्याला मारहाणीपासून रोखणारा कोर्टाचा तात्पुरता आदेश, मिळाला. आता नवऱ्याने सातेरी देवीपुढे नारळ ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली आहे, समुपदेशनालाही तो तयार आहे. सासू म्हणते, केस काढून घे. ‘मला त्याला तुरुंगात घालायचं नाही, तो बदलायला हवा. कोर्ट काही करू शकेल का?’

ताई, करू शकेल. पण अर्ज उभा असेल तरच. तो मागे घेतलात की अंतरिम आदेशही जाईल आणि पुन्हा हात उगारला गेला तर सगळे पहिल्यापासून करावे लागेल. तुरुंगाचे म्हणाल, तर नुसत्या या अर्जावर त्याला कोणी आत टाकत नाही. त्याने आदेश मोडला, तर या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

याच कायद्याच्या कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी कुठल्याही टप्प्यावर त्याला समुपदेशनाला पाठवू शकतात, एकट्याला किंवा दोघांना मिळून. तुम्ही ‘एकट्याला’ असे लेखी मागा. त्याच्या शेजारी बसून खरे बोललात, तर त्याचा जाब घरी द्यावा लागतो, हे माझ्या कितीतरी अशिलांनी मला सांगितले आहे. या कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १४ तर मला फार मोलाचा वाटतो: पुन्हा असे करणार नाही अशी हमी नवऱ्याने द्यायची, आणि मारहाणीचे समर्थन तिथे चालत नाही. ‘ती उलट बोलली’, ‘जेवण वेळेवर नव्हतं’ हे तिथे ऐकून घेतले जात नाही. समझोत्याची बोलणीही तुमची इच्छा असेल तरच. सासूबाईंच्या इच्छेने नव्हे.

दारूबद्दल जरा स्पष्ट लिहितो. तुमच्याच पत्रात आहे की मारण्याआधी तो रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचा, आणि प्यालेला असतानाही शेजाऱ्यांशी कधी भांडला नाही. म्हणजे खिडकी लावण्याइतके भान त्याला होते. कर्जाचे हप्ते थकले, त्याचा जीव मेटाकुटीला आला, हे मी नाकारत नाही. पण त्या वर्षी डिचोली-सत्तरीत कितीतरी ट्रक दारात उभे होते, म्हणून प्रत्येक घरात मारहाण झाली नाही. दारूसाठी त्याने बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात उपचार जरूर घ्यावेत, मात्र मारण्यासाठी समुपदेशन वेगळे हवे. दारू सुटलेले पुरुष शुद्धीत असतानाही मारतात, हे मी पाहिले आहे.

समुपदेशनाचा आदेश झाला की पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत पडते. त्या तारखेला समुपदेशकाचा अहवाल वाचा, नवरा समुपदेशनाला किती वेळा गेला ते विचारा. अंतिम संरक्षण आदेश झाला, तर कलम २५ प्रमाणे तुम्ही स्वतः अर्ज करेपर्यंत तो टिकतो. नवरा खरोखर बदलला असे तुम्हाला वाटेल त्या दिवशी आदेश उठवायला सांगा. घाई करू नका.

समझोत्याच्या नावाखाली घराचा कागद पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. गोव्याच्या नागरी कायद्यात तुमच्या संमतीशिवाय साधारणपणे त्याला घर विकता येत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आणि तारखेआधी तो दारात आला तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन करा, आदेशाची प्रत हाताशी ठेवा.