व्ह्यू (Vue) या वेब ॲप लिहायच्या चौकटीच्या आवृत्ती २ मधलं ॲप व्ह्यू ३ वर न्यायचंय. हळूहळू बदलावं की नव्याने लिहावं? किती वेळ लागेल?

नव्याने लिहू नका. तुमचे सीनियर "जुना कोड टाकूनच द्या" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. हेच वाक्य मी देवगडात, आमच्याच बागायतदारांसमोर ऐकून घेतलंय.

आमच्या गटाचं आंबा खरेदीचं ॲप मी व्ह्यू २ मध्ये लिहिलेलं. मांगरात (बागेतल्या कामाच्या घरात) पेट्या भरत असतानाच डझन, वजन, प्रत मोबाइलवर टाकायची आणि पावती तिथल्या तिथे काढायची, एवढंच त्याचं काम. ३१ डिसेंबर २०२३ ला व्ह्यू २ चा अधिकृत सपोर्ट संपला आणि पुढच्या पावसाळ्यात गटातल्या एकाने पुण्याहून सल्लागार आणला. त्याने बैठकीत लॅपटॉप उघडला, व्ह्यू ३ थेट टाकून, सुरुवातीच्या ओळी जेमतेम जुळवून ॲप चालवून दाखवलं. पावतीवर तारखेच्या जागी शून्य. रकमेतले पैसे गायब, १२५०.५० चे नुसते १२५०. "कोड सडलाय, रिॲक्टमध्ये नवीन करून देतो," म्हणाला. रिॲक्ट म्हणजे व्ह्यूसारखंच दुसरं साधन. ज्यांचे पैसे माझ्या ॲपवर मोजले जायचे ती वयस्कर माणसं माझ्याकडे बघायला लागली.

कोड सडलेला नव्हता. फिल्टर, म्हणजे तारीख किंवा रक्कम दाखवण्याआधी नीट मांडणारी छोटी फंक्शनं, व्ह्यू ३ मधून काढून टाकलेत. टेम्प्लेटमधली (पडद्यावरच्या मांडणीच्या कोडातली) उभी रेघ २ मध्ये फिल्टर लावायची, ३ मध्ये तीच रेघ जावास्क्रिप्टची बिटवाइज ऑर, म्हणजे पूर्णांकांच्या बिट्सवरची क्रिया, होते. उजवीकडचं नाव सापडत नाही, ते अनडिफाइन्ड, म्हणजे किंमतच नसलेलं. मग तारखेच्या स्ट्रिंगचं शून्य होतं आणि दशांश रकमेचा पूर्णांक. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये इशाऱ्यांची रांग लागली होती, ती त्याने उघडलीही नाही. अधिकृत मायग्रेशन गाइडमध्ये फिल्टरवर वेगळं पान आहे. मी ते सगळ्यांसमोर उघडलं, एका जागी फिल्टर काढून साधं फंक्शन लिहिलं आणि तारीख परत आणून दाखवली.

टाकून द्या म्हणणाऱ्यांना जुन्या कोडात काय साठलंय हे ठाऊक नसतं. आमच्याकडे सातबारा सामाईक. एका कलमांच्या बागेवर तीन भाऊ, त्यातला एक मुंबईला, चुलतीचा हिस्सा निराळा, आणि पेटीचे पैसे ज्याचे त्याच्या खात्यात जायला हवेत. भागाकारात उरलेले पैसे कुणाच्या नावावर टाकायचे, हे एका घरात एक ठरलेलं आणि शेजारच्या घरात दुसरंच. कुठल्या कागदावर हे नाही. भांडणं मिटवता मिटवता ते त्या इफ-एल्समध्ये आलंय. त्या सल्लागाराच्या कोटेशनमध्ये हिश्श्यांचा उल्लेखही नव्हता. पहिल्याच हंगामात घराघरांत वाद पेटले असते.

आम्ही आधी व्ह्यू २.७ वर गेलो, कारण कंपोझिशन एपीआय (घटक, म्हणजे कंपोनंट, लिहायची नवी पद्धत) त्यात आहेच, नवं काही लिहायचं तर तिथेच सुरुवात करता येते. मग ॲप बांधायचं जुनं साधन व्ह्यू सीएलआय सोडून वीट (Vite) हे नवं घेतलं. मग कम्पॅट बिल्ड: ते व्ह्यू ३ च असतं पण बरंचसं २ सारखं वागतं आणि जुनं काही दिसलं की इशारा देतं. एकेक इशारा मिटवायचा, घटक तयार झाला की त्याला मोड ३ लावायचा, म्हणजे तो व्ह्यू ३ सारखाच वागतो. सगळ्यात जास्त काम इव्हेंट बसने, म्हणजे घटकांनी एकमेकांना निरोप द्यायच्या सामाईक वाटेने, काढलं. निरोप ऐकायच्या आणि ऐकणं थांबवायच्या डॉलर-ऑन, डॉलर-ऑफ या मेथड आता नाहीत, त्या जागी मिट ही छोटी लायब्ररी घेतली. स्वतःच्या घटकांवरच्या व्ही-मॉडेलचं (किंमत दोन्ही बाजूंनी जोडणाऱ्या सोयीचं) 'व्हॅल्यू' आता 'मॉडेलव्हॅल्यू' झालंय आणि 'इनपुट' इव्हेंटचं 'अपडेट:मॉडेलव्हॅल्यू', ते शोधून शोधून बदलावं लागतं. ऑप्शन्स एपीआय, म्हणजे घटक लिहायची जुनी पद्धत, व्ह्यू ३ मध्ये शाबूत आहे. ते गेलं असं कुणी सांगत असेल तर त्याने गाइड वाचलेलं नाही.

वेळेचं म्हणाल तर फिल्टर, इव्हेंट बस आणि बाहेरच्या लायब्ऱ्या किती ते मोजा, बाकीचं पटकन होतं. आम्ही पावसाळ्यात धरलं, वीज जात-येत असताना केलं आणि पाडव्याची घाई सुरू व्हायच्या आत कम्पॅट काढून टाकलं. चालत्या हंगामात हात लावू नका, तुमच्या धंद्याचा हंगाम कुठला ते बघा. आणि सीनियरना म्हणावं, जुन्या कोडातला कुठला नियम कशासाठी आहे ते आधी लिहून द्या. ते देता येत नसेल तर टाकून द्यायचा निर्णय त्यांनी घेऊ नये.

एक मात्र आहे. व्ह्युटिफायसारखी तयार घटकांची लायब्ररी वापरत असाल तर कम्पॅटवर विसंबू नका. अशा लायब्ऱ्या व्ह्यू २ च्या आतल्या गोष्टींना धरून असतात, तिथे कम्पॅट कमी पडतं, आणि व्ह्युटिफाय ३ मध्ये घटकांचे प्रॉप्सही (घटकाला बाहेरून द्यायच्या किमती) बरेच बदललेत. आमचे घटक हाताने लिहिलेले होते. तुमचे नसतील तर त्या लायब्ररीचं स्थलांतर वेगळं धरा आणि ते आधी करून बघा.