व्यावसायिक आणि महाविद्यालयीन फुटबॉलपटूंमधील धर्मादाय सामने कसे सुरू झाले व का थांबले?

अमेरिकन फुटबॉलमधील अशा लढतींपैकी सर्वांत गाजलेला म्हणजे शिकागोचा ‘कॉलेज ऑल-स्टार’ सामना. ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांच्या कल्पनेतून तो १९३४ मध्ये सोल्जर फील्डवर सुरू झाला, व्यावसायिक विजेत्या संघापुढे नुकतेच महाविद्यालयाबाहेर पडलेले निवडक खेळाडू उतरत आणि उत्पन्न धर्मादाय कार्याला जाई. शिकागो बेअर्सविरुद्धची पहिली लढत ०-० अशी बरोबरीत सुटली. महाविद्यालयीन खेळालाच खरा मान असलेल्या त्या काळात व्यावसायिक फुटबॉलला या सामन्याने प्रतिष्ठा दिली, हे मला त्याचे सर्वांत मोठे देणे वाटते. १९६३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सवर मिळवलेला २०-१७ हा विजय महाविद्यालयीन संघाचा अखेरचा ठरला. पुढे महागडे नवे खेळाडू जायबंदी होण्याची धास्ती क्लबांना वाटू लागली, आणि १९७६ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स २४-० असे आघाडीवर असताना वादळी पावसाने अर्ध्यावर थांबलेला सामना शेवटचाच ठरला.